साष्टीचे दोन लोहमार्ग आणि आपला बाजार

आपल्या ज्ञातीच्या सभा दादरलाच का भरतात, असे तरुण मंडळी आम्हांस अधूनमधून विचारतात. अंधेरी-बोरिवलीची कुटुंबे एका लोहमार्गावर व घाटकोपर-मुलुंडची दुसऱ्यावर; या दोहोंची गाठ पडते ती दादरला. मध्ये डोंगर व जंगल. बोरिवलीची लेक मुलुंडला दिली, तर माहेरी येण्यास तिला आगगाडीने दादरचा वळसा पडे. साष्टीच्या व्यापाराचीही गत हीच झाली.

पूर्वी साष्टी हे खरोखरीच बेट होते. मुंबईस माल न्यावयाचा तो मचव्यातून किंवा तरीतून. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर डंकन यांच्या कारकिर्दीत झाला. माहीम-वांद्रे बांध १८४५ साली खुला झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून पट्टी घेऊ नये, अशी अट घातली. गाडीवानांनी त्या माउलीस किती दुवा दिला असेल!

पुढे लोहमार्ग आले. मुंबई-ठाणे मार्गाची कल्पना सरकारी इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांस १८४३ मध्ये भांडुपच्या मुक्कामी सुचली, असे सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी ठाण्यास गेली. पश्चिमेकडचा मार्ग १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून उपनगरी गाडी सुटू लागली. प्रत्येक दिशेस दिवसाला एकच! तेव्हा गोरेगावच्या स्थानकाचे नाव पहाडी असे होते.

साष्टीचे भात, आंबे, भाजीपाला आणि मुंबईच्या जनावरांसाठी लागणारे गवत यांस त्यामुळे मोठे गिऱ्हाईक लाभले, हे नाकारता येत नाही. परंतु दोन्ही मार्ग दक्षिणेकडेच धावत. १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट बांधून झाले आणि शहरातील मंडईचा भाव तोच आपला भाव ठरला. वाडीत राबणाऱ्याने पहाटे टोपल्या गाडीत चढवाव्या आणि दलालाने सांगितलेली किंमत पदरात घ्यावी. घाटकोपरचा माल अंधेरीस न्यावयाचा, तर कुर्ल्यावरून बैलगाडी हाकण्यावाचून गत्यंतर नसे.

एकदा मात्र योग आला होता. १९२८ साली तुर्भ्याहून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत आडवा लोहमार्ग सुरू झाला. जेमतेम ८ मैलांचा तो मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. तो टिकता तर आपल्या बागाईतदारांस अंधेरी व कुर्ला असे दोन बाजार जवळचे झाले असते, असे आमचे मत आहे.

त्याच १९२८ सालच्या ५ जानेवारीस बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या होत्या. टोपली नेणारी गाडी आता कचेरीतला कारकून नेऊ लागली, आणि त्या कारकुनास राहावयास जागा हवी होती. १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतची व १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची गावे मुंबई महापालिकेत आली. वाड्यांच्या चाळी झाल्या, चाळींचे इमले झाले. याचा सारा दोष आम्ही रेल्वेस देत नाही. जमिनी विकणारे हात आपलेच होते, आणि त्या पैशावर शिकलेली मुलेही आपलीच.

भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ मध्ये वाशीस गेला. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानके. आडवा लोहमार्ग ऐंशी वर्षांनी परत आला, पण त्यात चढविण्यास आपल्यापाशी टोपली उरली नव्हती.

पुढील वार्षिक सभा दादरऐवजी घाटकोपरला भरवावी, अशी सूचना अंधेरी शाखेने केली असून ती कार्यकारी मंडळापुढे आहे.