चुलीचा धूर : घरात गॅस आला, तरी स्वयंपाकघर काळंच का?

पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांत कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटून घरामागे रचली जाते आणि पुढे कितीतरी महिने चुलीत जाते. जोडीला तुराट्या, संत्र्याच्या बागेतल्या वाळक्या फांद्या, गवऱ्या आणि जंगलाकडच्या गावांत मोळीचं लाकूड. या सगळ्याला 'घन इंधन' म्हणतात. दगडी कोळसाही त्यातच येतो. हे इंधन घरात जाळल्यानं जी हवा खराब होते, ते घरगुती वायुप्रदूषण. मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक बाहेरच्या हवेचा असतो. चुलीसमोर बसलेल्या बाईच्या नाकाशी काय चाललंय, ते त्यात येत नाही.

धुरात काय असतं?

चुलीत हवा कमी पडते, लाकूड पुरतं जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू आणि 'पीएम २.५' हे बारीक कण निघतात. केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे हे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार वर्षाची सरासरी दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावी. भारताची मर्यादा ४० आहे. याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात घरातल्या धुरामुळे ३२ लाख मृत्यू झाले, त्यात पाच वर्षांखालची मुलं २ लाख ३७ हजार. निमोनिया, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि सीओपीडी हे त्यातले मुख्य आजार. मोतीबिंदूशीही या धुराचा संबंध लावला जातो.

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसणं. आपल्याकडे त्याला सरसकट 'दमा' म्हणून सोडून देतात. हा बिडी पिणाऱ्यांचा आजार, असं डॉक्टरही बरीच वर्षं मानत होते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या लेखात सहकाऱ्यासोबत दाखवून दिलं, की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १ अब्ज, तर चुलीचा धूर घेणारे सुमारे ३ अब्ज. जन्मात बिडीला हात न लावलेल्या आजीला धाप का लागते, याचं उत्तर बरेचदा इथंच असतं.

हिशेब कुठं अडतो?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि गावोगाव लाल सिलिंडर पोचले. पण कनेक्शन मिळणं वेगळं आणि ते वापरणं वेगळं. पाच-सहा माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर केला तर सिलिंडर महिना-सव्वा महिन्यात संपतो, म्हणजे वर्षाला नऊ-दहा तरी लागतात. उज्ज्वलाच्या ग्राहकांनी देशभरात २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी ३ च्या आसपास घेतले, २०२३-२४ मध्ये ४ च्या जवळपास. बाकीचा स्वयंपाक चुलीवरच होतो. चहा, भाजी, पाहुणे आले तर गॅस; भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. रोडग्यांचं तर विचारूच नका, ते गवऱ्यांवरच व्हायचे.

आता वहीत मांडून बघा. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याला लागते, साध्या चुलीत जेमतेम १० ते १५ टक्के. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला कोरडं लाकूड दीडशे ते दोनशे किलो हवं. २५ किलोची मोळी धरली तर सहा ते आठ मोळ्या, आणि त्या डोक्यावर आणणारीची मजुरी कुणी धरत नाही. म्हणून सरपण 'फुकट' वाटतं. गॅसला मात्र एकरकमी रोख पैसे लागतात, आणि ते नेमके कापूस-संत्रा विकायच्या आधीच संपलेले असतात.

सवलती आहेत. केंद्राची उज्ज्वला सबसिडी ऑक्टोबर २०२३ मध्ये ३०० रुपये झाली. त्याच वर्षापासून मध्य प्रदेशात लाडली बहना आणि उज्ज्वलाच्या पात्र महिलांना सिलिंडर ४५० रुपयांत पडतो. पलीकडे महाराष्ट्रात २०२४ ची अन्नपूर्णा योजना पात्र घरांना वर्षाला ३ सिलिंडर मोफत देते. पण आपल्याकडे आधी पूर्ण रक्कम मोजायची, फरक मग खात्यात येतो. ज्या घरात हजार रुपये एकदम निघत नाहीत, तिथं ४५० चा आकडा कागदावरच राहतो. माझ्या मते सगळी गोम इथंच आहे.

याला आधारही आहे. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३,२०० गर्भवती महिलांच्या अभ्यासात निम्म्या घरांना शेगडी आणि गॅस फुकट, घरपोच दिला. त्या घरांतली चूल जवळजवळ सुटली. तिथल्या बायकांच्या श्वासातलं पीएम २.५ सुमारे २४ राहिलं, चूलवाल्या घरांत ७०. (बाळांच्या जन्मवजनात मात्र ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.)

सीमेचा फरकही मोठा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं महाराष्ट्रात ७९.७ टक्के, मध्य प्रदेशात ४०.१ टक्के होती. अर्थात महाराष्ट्राच्या आकड्यात मुंबई-पुणेही येतात, त्यामुळे सावनेर-वरुडच्या खेड्यांशी सरळ तुलना करू नये.

चूल सुटत नसेल तर

वर्ध्याच्या मगनवाडीत धुराड्याची 'मगन चूल' घडवली गेली, तेव्हापासून बिनधुराची चूल आपल्या भागाला नवी नाही. केंद्राचा सुधारित चुलींचा कार्यक्रमही ऐंशीच्या दशकापासून २००२ पर्यंत चालला. चुली बसल्या, पण धुराडं झाडायला आणि फुटलेली चूल दुरुस्त करायला पुढे कुणी आलं नाही. काजळीनं धुराडं तुंबलं की धूर परत घरातच. ओली पऱ्हाटी न जाळणं, पाणी तापवायची चूल अंगणात नेणं, तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन चुलीपुढे न बसणं, एवढ्यानंही धूर कमी जातो.

हिवाळ्यात एक धोका वेगळाच. शेगडीतला कोळसा लाल झाला, धूर थांबला, की लोक ती खोलीत घेऊन दार लावून झोपतात. पण कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही आणि निखाऱ्यातून तो निघतच राहतो. झोपेतच माणूस जातो. डोकं जड होणं, चक्कर, मळमळ, एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम असं झालं तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. हा क्रमांक सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो.