दुएरोकाठची वाइन आणि तिचे मोल

धनसंचय म्हटला की सोने, जमीन, घर आणि मुदतठेव यांपलीकडे आपल्या जुन्या घराण्यांची दृष्टी सहसा जात नाही. प्यावयाची वस्तू न पिता वर्षानुवर्षे तळघरात जपावी व तिला संपत्ती मानावे, ही कल्पना आपणांस विचित्र वाटेल. युरोपात मात्र ती जुनी आहे, आणि स्पेनच्या तांबड्या वाइनने तीत मिळविलेले स्थान उद्बोधक आहे.

१८६४ साली एलॉय लेकांदा यांनी फ्रान्समधील बोर्दोहून द्राक्षवेली आणून वायादोलिद प्रांतात दुएरो नदीकाठी लावल्या. त्यातूनच पुढे 'वेगा सिसिलिया' नावारूपास आली. तिच्या १९१७ व १९१८ च्या हंगामांच्या वाइनना १९२९ च्या बार्सिलोना प्रदर्शनात पारितोषिके लाभली. १९८२ साली ही मिळकत अल्वारेस कुटुंबाकडे आली. त्याच वर्षी 'रिबेरा देल दुएरो' या प्रदेशास अधिकृत नामांकन मिळाले. तिची 'ऊनिको' ही वाइन पिंपात व बाटलीत मिळून सुमारे दहा वर्षे मुरल्याखेरीज बाजारात येत नाही. हंगाम साधला नाही तर ती काढीतच नाहीत. येथे दुर्मीळता संयमातून आली आहे.

'पिंगुस'ची कथा निराळी. पीटर सिसेक या डॅनिश गृहस्थांनी जुन्या वेलींच्या द्राक्षांपासून १९९५ च्या हंगामात ती प्रथम सिद्ध केली. उत्पादन अवघे ३२५ पेट्या. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी शंभरपैकी ९६ ते १०० गुणांचा अंदाज वर्तविला आणि मागणी उसळली. १९९७ साली अमेरिकेस निघालेल्या ७५ पेट्या जहाजासह समुद्रात बुडाल्या. उरलेल्यांचे भाव आणखी वाढले.

गुणांकन आणि दुर्मीळता यांवर उभी असलेली ही किंमत टिकते कशावर? गुण म्हणजे अखेर एका रसनेचा निवाडा. पार्कर स्वतः २०१९ साली निवृत्त झाले. बाटलीस ना व्याज, ना भाडे. उलट सुमारे १३ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान, अंधार व विमा यांचा खर्च मात्र चालू राहतो. शिवाय बनावटीचे भय आहेच. बोर्दो व बर्गंडीच्या नकली बाटल्या विकणाऱ्या रूडी कुर्नियावान यास २०१४ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली.

आमचे आयुष्य सरकारी दप्तरात गेले. जमिनीचा व्यवहार खसरा-खतावणी पाहिल्याविना करू नये, हे आम्ही जाणतो. येथेही तोच न्याय लागू पडतो: बाटली कोणाकडून कोणाकडे गेली, कोठे व कशी ठेवली, याची अखंड नोंद नसेल तर उत्तम गुणांकनही व्यर्थ होय.

आणखी एक भेद ध्यानी धरावा. सोने जुने होत नाही. वाइन मात्र मुरते, बहरास येते आणि अखेर उतरते. भाव चढत असताना आतील रस निस्तेज झालेला असू शकतो, आणि झाकण उघडेपर्यंत ते कोणास कळत नाही. म्हणून हौसेने घेणाऱ्याने जरूर घ्यावी. पण मुलीच्या लग्नाची वा म्हातारपणाची तरतूद तीवर सोपवू नये, असे आम्हांस वाटते.