होळकरांचे घोडे आणि हरवलेले मैदान

आमच्या गोव्यात जे मराठी बोलले जाते त्यात कप्तान, पिस्तूल, काडतूस हे शब्द आले तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही. पोर्तुगिजांनी साडेचारशे वर्षे मुक्काम ठोकला, जाताना शब्द ठेवून गेले असे आपण म्हणतो. पण ज्यांनी मांडवी कधी पाहिली नाही अशा पुण्या-इंदूरकडच्या लोकांच्या तोंडीही हे शब्द आहेत. त्यातला मला सर्वांत गमतीचा वाटतो तो 'कंपू'. आज आपण 'त्यांचा एक कंपू आहे' असे म्हणतो तेव्हा चार टोळभैरव डोळ्यांपुढे येतात. मूळ पोर्तुगीज शब्द 'कांपु', म्हणजे मैदान, छावणी. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी कागदपत्रांत कंपू म्हणजे फिरंगी पद्धतीने कवायत शिकवलेल्या पलटणी आणि त्यांच्या तोफा. दैवाचा खेळ असा, की ज्या शब्दाचा मूळ अर्थ मैदान, त्याच गोष्टीने मराठ्यांच्या घोड्यांचे मैदान संपवले. ही हकीकत सांगायची तर शिंदे आणि होळकर या दोन घराण्यांवाचून इलाज नाही. त्यातही होळकरांची गोष्ट मला अधिक चटका लावणारी वाटते, कारण त्यांनी दोन्ही वाटा चोखाळून पाहिल्या.

मल्हारराव होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे, धनगर घराण्यातले. जन्म १६९३ चा. लहानपण खानदेशात मामाकडे गेले. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या माणसाला चारा कुठे, पाणवठा कुठे, उतार कुठे हे कुणी शिकवावे लागत नाही. हेच ज्ञान घोड्यावर बसले म्हणजे त्याचे लष्करी विद्येत रूपांतर होते. १७२८ साली पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत धरले ते याच विद्येच्या बळावर. निजामाचा तोफखाना नावाजलेला. बाजीरावाने त्याच्याशी समोरासमोर गाठ पडूच दिली नाही. निजामाला आपल्यामागे फिरवत फिरवत जड तोफांपासून तोडले, धान्यपाणी बंद केले आणि तहाला बसवले. या मोहिमेत मल्हारराव होते. पुढे माळव्याचा सुभा हाती आला आणि इंदूर होळकरांकडे आले.

या घोडदळाची घडण समजून घेतली पाहिजे. त्यात ठळक वर्ग दोन. सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळतो तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा हीच त्याची इस्टेट. घोडा पडला की माणूस पायउतार झाला, आणि पायउतार झालेल्या शिलेदाराला कोण विचारतो? म्हणून बंदुकांच्या रांगेवर घोडा फेकायला तो नाखूश असे. यात भित्रेपणा शोधण्याचे कारण नाही. आपल्या शेतकऱ्याने एकुलता एक बैल पुरात घालू नये, तसेच हे. त्यापेक्षा शत्रूची रसद मारणे, वैरण जाळणे, मागे राहिलेल्यांना गाठणे, एका रात्रीत चाळीस मैलांवर निघून जाणे यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण या लढाईला एक गोष्ट अत्यावश्यक होती, आणि ती म्हणजे मोकळे मैदान. जिथून मागे फिरता येते, बगल देता येते, अशी जागा.

१७६१ च्या पानिपतावर या दोन पद्धतींची पहिली मोठी ओढाताण झाली. जड तोफा, बुणगे, यात्रेकरू मागे ठेवून सडे व्हावे आणि गनिमी काव्याने लढावे असे मल्हाररावांचे मत. सदाशिवरावभाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींवर. गारद्यांनी १४ जानेवारीला शर्थ केली यात शंका नाही. पण घोडे अगोदरच उपासमारीने खंगले होते. मल्हारराव त्या दिवशी रणातून निघून गेले म्हणून त्यांच्यावर आजपर्यंत दोषारोप होतो. तो वाद इथे नको. एवढेच नोंदवतो, की मैदानावरच्या घोड्याला छावणीत कोंडले म्हणजे काय होते हे त्या दोन-अडीच महिन्यांत दिसून आले.

पानिपतातून महादजी शिंद्यांनी जो धडा घेतला तो पलटणींचा. द बॉइन या फ्रेंच भाषक सेनानीकडून त्यांनी कंपू उभारले. इथे आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगून ठेवतो. महादजींच्या लष्कराचे बक्षी जिवबादादा हे आपल्या पेडण्यातल्या केरीचे केरकर. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांच्याच हुकमतीखाली होती. तेव्हा घोड्याकडून पलटणीकडे झालेल्या या प्रवासात गोव्याने नुसते शब्द दिले नाहीत, माणसेही दिली.

शिंद्यांकडे कंपू आले म्हटल्यावर होळकरांनाही आले. तुकोजी होळकरांच्या फौजेत दुद्रनेक नावाचा फ्रेंच सरदार चार पलटणी घेऊन दाखल झाला. जून १७९३ मध्ये, सध्याच्या राजस्थानातल्या लाखेरीजवळ, शिंदे आणि होळकर समोरासमोर आले. जागा अडचणीची. घाटाची अरुंद वाट, दोहो बाजूंना झाडी, पायांखाली दलदल. होळकरांच्या हजारो घोड्यांना पसरायला जागाच मिळाली नाही. द बॉइनचे दारूचे गाडे स्फोटात उडाले तेव्हा होळकरांचे स्वार धावून गेले, पण बंदुकांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. दुद्रनेकच्या पलटणी जवळजवळ गारद झाल्या. मराठ्यांनीच मराठ्यांना शिकवलेला हा धडा होता: जागा अरुंद असेल तर घोडा हे ओझे होते.

इथे जरा विषयांतर करतो. हल्लीच्या मुलांच्या बंदूकबाजीच्या व्हिडीओ गेमबद्दल मी त्यांच्याकडून एक तक्रार ऐकतो. २००१ साली आलेल्या 'हेलो' या गाजलेल्या खेळात जीपमध्ये बसून बेटाच्या किनाऱ्याने मनसोक्त भटकता येई, शत्रूला कुठल्या बाजूने गाठायचे ते आपले आपण ठरवता येई. अशा खेळांच्या पुढल्या भागांत गाड्या कमी झाल्या, वाटा अरुंद झाल्या, बोळातून पळायचे आणि समोर येईल त्याला मारायचे एवढेच उरले, असे जुन्या खेळाडूंचे म्हणणे. मला त्या खेळांतले काही कळत नाही. पण तक्रार ऐकली आणि मला लाखेरी आठवली. वाहन काढून घेतले की मैदान आपोआप आकसते, आणि मैदान आकसले की वाहन निरुपयोगी होते. यातले आधी काय होते हे सांगणे कठीण.

होळकरांच्या घराण्यात हे कोडे सोडवायला निघालेला माणूस म्हणजे यशवंतराव. १७९७ साली तुकोजींच्या मृत्यूनंतर भाऊबंदकी माजली, दौलतराव शिंद्यांनी त्यात हात घातला. यशवंतरावांपाशी ना गादी ना खजिना. भिल्ल, पेंढारी, पठाण, बिनचाकरीचे शिलेदार जमवून त्यांनी फौज केली. जुलै १८०१ मध्ये उज्जैनला शिंद्यांच्या पलटणी मोडल्या. त्याचे उट्टे शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात काढले. इंदूरजवळ यशवंतरावांचा पराभव केला आणि शहर लुटून जाळले. आजचा सात मजली राजवाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांनी ध्यानात घ्यावे, की त्या वास्तूने १८०१ ची आग पाहिली आहे आणि १९८४ चीही.

वर्षभराने, २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, पुण्याजवळ हडपसरला यशवंतरावांनी उत्तर दिले. या लढाईचा मला विशेष वाटतो तो भाग असा. त्यांच्या पलटणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली होत्या. त्या शिंद्यांच्या पलटणींना अडवून धरतात, तोफखाना तोफखान्याला उत्तर देतो, आणि निर्णायक क्षणी खुद्द यशवंतराव घोडेस्वार घेऊन तुटून पडतात. घोडा आणि पलटण यांची इतकी जमलेली जोडी मराठ्यांच्या इतिहासात क्वचितच दिसते. दुर्दैव असे, की ती दिसली भावाभावांच्या लढाईत. दुसरा बाजीराव पळाला आणि वर्षअखेर वसईचा तह करून बसला.

१८०४ मध्ये इंग्रजांशी जुंपली तेव्हा यशवंतरावांनी जनरल वेलस्लीला लिहून कळवले होते, की शेकडो कोसांचा मुलूख उद्ध्वस्त होईल आणि लॉर्ड लेकला श्वास घ्यायला उसंत मिळणार नाही. ही पोकळ धमकी नव्हती. कर्नल मॉन्सन मुकुंदरा घाटापलीकडे पुढे आला होता. जुलैमध्ये त्याने माघार घेतली आणि होळकरांचे घोडे त्याच्या पाठीस लागले. पावसाळा, माळव्याची काळी माती, चंबळ आणि बनास फुगलेल्या. तोफा चिखलात रुतल्या, त्या निकामी करून टाकून द्याव्या लागल्या. ऑगस्टअखेर मॉन्सन आग्र्याला पोचला तेव्हा त्याच्या फौजेचा चोथा झाला होता. मल्हाररावांची जुनी विद्या अजून जिवंत होती. मैदान मोकळे होते आणि घोडा चालत होता.

पण नोव्हेंबरात चित्र पालटले. पलटणी आणि तोफा डीगला, स्वतः यशवंतराव घोडदळासह दुआबात, अशी फौज दुभंगली. १३ तारखेला डीगला पलटणींचा पराभव झाला. १७ तारखेला पहाटे फर्रुखाबादजवळ झोपेत असलेल्या होळकरी छावणीवर लेक कोसळला. त्याने एका दिवसरात्रीत पन्नास मैलांहून अधिक मजल मारली होती, तीही घोडदळ आणि घोड्यांनी ओढायच्या हलक्या तोफा घेऊन. म्हणजे होळकरांना हरवले ते होळकरांच्याच विद्येने. इंग्रज घोडदळाला दरमहा रोख पगार होता, दाणावैरण मागून येत होती, आणि घोडा मेला तर दुसरा मिळत होता. शिलेदाराचे यातले काहीच नव्हते.

मराठ्यांनी घोडा सोडून पलटणी धरल्या म्हणून ते बुडाले, असे म्हणायची एक पद्धत आहे. कित्येक इंग्रज अधिकाऱ्यांनी तसे लिहिले आणि आपल्याकडे ते आवडीने उचलले गेले. मला ते पटत नाही. फर्रुखाबादला घोडाच हरला. डीगला आणि पुढे महिदपूरला गोलंदाज आपल्या तोफांपाशी मरेपर्यंत लढले. खरी वाण होती ती खजिन्याची. पलटणीला महिन्याच्या महिन्याला रोकड लागते. घोडदळ लुटीवर आणि चौथाईवर जगू शकते, पण त्याला दरसाल नवा मुलूख लागतो. आणि इंग्रजांनी एकेका तहानिशी तो मुलूखच बंद करत आणला. हा संस्थानिक आमच्या रक्षणाखाली, तो राजा आमचा दोस्त. नकाशावर कुंपणे पडत गेली. १८०५ मध्ये यशवंतराव पंजाबपर्यंत गेले, रणजितसिंगाने मदत नाकारली, आणि २४ डिसेंबरला बियास नदीकाठी राजघाटचा तह झाला. पुढे भानपुऱ्याला त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना काढला. त्याच कामात स्वतःला जाळून घेत, भ्रमिष्ट अवस्थेत, १८११ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. हिंदुस्थानातल्या अव्वल घोडेस्वाराची शेवटची धडपड तोफांसाठी असावी, याला काय म्हणावे!

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला क्षिप्रेच्या काठी शेवट झाला. आदल्या रात्री फौजेनेच तुळसाबाईंचा वध केला होता. गादीवर दुसरे मल्हारराव, वय जेमतेम अकरा. हिस्लॉप आणि माल्कम यांच्या फौजेने नदी उतरून तोफांवर हल्ला केला. गोलंदाज जागचे हलले नाहीत. घोडदळ मात्र फुटले. गफूरखान रणातून निघून गेला. त्यातही यशवंतरावांची कन्या भीमाबाई स्वारांसह लढली हे इंदूरकर आजही सांगतात. हरलेल्या छावणीची मोठी लूट इंग्रजांच्या बाजूने आलेल्या म्हैसूरच्या शिलेदार स्वारांच्या हाती पडली. शिलेदारी मेली नव्हती, धनी बदलला होता.

६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली. म्हणजे आज आपण जे इंदूर पाहतो, सराफ्यातली खाऊगल्ली, मराठी वाडे, गणेशोत्सव, ते राजधानीचे इंदूर घोड्यावरून उतरलेल्या होळकरांनी वसवलेले शहर आहे. तोवर होळकरांचे बिऱ्हाड बहुधा खोगिरावरच असे. पेंढाऱ्यांची तर वाताहतच झाली. अमीरखान टोंकचा नवाब झाला, गफूरखान जावऱ्याचा. करीमखानाला गोरखपूरकडे जमीन देऊन शेतीला बसवले. चितू शरण गेला नाही. १८१९ मध्ये अशीरगडच्या रानात वाघाने त्याला खाल्ले. नवाब झालेल्यांची नावे इतिहासात आली. पण ज्याच्यापाशी एक घोडा आणि एक भाला एवढेच होते त्या हजारो स्वारांचे काय झाले? कुणी नांगर धरला, कुणी चपराशी झाला, कुणी घोडा विकून खाल्ला. त्यांचा उल्लेख आता आपल्या भाषेत तेवढा उरला आहे. खोगीरभरती, बाजारबुणगे, पायउतार होणे. घोडा गेला, खोगीर वाक्प्रचारात राहिले.

होळकरांचे नाव मैदानावर पुन्हा दुमदुमले ते क्रिकेटमुळे. सी. के. नायडूंच्या काळात होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. 'हेलो'तले मैदानही २०२१ च्या भागात पुन्हा मोकळे झाले म्हणतात. खेळात मैदान परत आणता येते.

इंदूरहून महूकडे वीसेक किलोमीटर जावे लागते. माल्कमने १८१८ मध्येच ही छावणी वसवली, होळकरांवर नजर ठेवायला. पुढे बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म याच छावणीत झाला, १८९१ साली. आज गावाला त्यांचे नाव आहे. त्या वाटेने मी गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना माळव्याचे सपाट काळे रान पसरले होते. घोडा उधळावा असे रान. आणि वाटेच्या टोकाला भारतीय सैन्याची एक नामांकित संस्था आहे. देशभरच्या अधिकाऱ्यांना आणि जवानांना तिथे पायदळाचे शिक्षण देतात.