खरूज आणि आईची टाचणी

कोकणात खरूज म्हटली की करंजेल तेल आठवते आणि त्यापाठोपाठ आईची अस्वच्छता. रत्नागिरीलगतच्या मिरजोळ्यात एकीकडे जुन्या वाड्या आहेत, दुसरीकडे औद्योगिक वसाहत. पण तान्ह्या मुलाच्या अंगावर पुरळ उठले की ठपका दोन्हीकडे आईवरच येतो. खरजेचा इतिहास चाळताना आम्हांस हा ठपका केवळ अन्यायाचा नव्हे, कृतघ्नपणाचाही वाटला.

सुश्रुतसंहितेत खरजेशी जुळणारी पामा कुष्ठवर्गात येते, आणि कुष्ठ हे अंगस्पर्शाने, एकत्र निजण्याने पसरते असे तेथे म्हटले आहे. युरोपात मात्र शतकानुशतके दोष दूषित रक्ताला दिला गेला. १६८७ साली इटलीत बोनोमो व चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली खरजेचा किडा पाहिला; पण त्यांना वाट दाखवली ती मुलांच्या कातडीतून टाचणीने किडे काढणाऱ्या गरीब बायांनी. विद्वानांनी ते मनावर घेतले नाही. पुढे १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुची या विद्यार्थ्याने तोच किडा सर्वांसमक्ष काढून दाखवला. ही हातोटी त्याने कॉर्सिकातील बायकांपाशी पाहिली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफील्ड येथे केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. कपड्यां-अंथरुणांपेक्षा निकटचा अंगस्पर्शच लागण करतो, असे त्यांतून दिसले. पायांवर घेऊन बाळाला तेल लावणारी आजी, कुशीत घेणारी आई, कडेवर घेणारी ताई: मायेचा स्पर्श हीच किड्याची वाट.

मोठ्यांची खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर दिसते. तान्ह्यांत ती तळहात, तळपाय, चेहरा व डोक्यावरही येते. कधी पाणी भरलेले फोडही येतात. बाळाला नीट खाजवता येत नाही. ते किरकिरते, झोपत नाही, दूध कमी पिते. म्हणून ती घामोळे वा इसब समजली जाते. फोड चिघळले तर पुढे मूत्रपिंडांनाही सूज येऊ शकते.

दोन महिन्यांवरील मुलांना ५ टक्के पर्मेथ्रिन मलम, त्याहून लहानांना बहुधा गंधकाचे मलम देतात. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. तान्ह्यांना ते डोळे व तोंड टाळून डोक्यापासून तळपायापर्यंत लावतात आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावतात. पहिल्या लागणीनंतर खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून खाज नसलेल्यांसकट साऱ्या घराने एकाच दिवशी औषध घ्यावे. किडे मेल्यावरही खाज काही आठवडे टिकते. तेवढ्यावरून औषध फसले असे मानू नये.

२०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला उपेक्षित रोगांच्या यादीत घेतले. घरात मात्र आजही उपेक्षा होते ती आईच्या म्हणण्याची. बाळाला काहीतरी चावते आहे, असे ती म्हणते तेव्हा तिच्यामागे निदान सव्वातीनशे वर्षांची साक्ष उभी असते.