मुळशीची गोष्ट कुणी सांगितली?

  आजचा भाग जरा घरचा आहे, म्हणजे अगदी माझ्या घरचा. मी मूळचा उरवड्याचा. पुण्याहून पौड रस्त्याने निघालात की पिरंगुट लागतं, तिथून आत वळलं की आमचं गाव. तालुका मुळशी. आज आपण पीआरबद्दल बोलणार आहोत. लोकांच्या मनात एखादी प्रतिमा कशी तयार होते, कोण करतं, आणि त्यात कोण बाहेर राहतं, याबद्दल.

सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करू. पुण्यात राहणारा प्रत्येक जण कधी ना कधी एस. बी. रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो. एस. बी. म्हणजे सेनापती बापट, हेही बहुतेकांना माहीत असतं. पण हे सेनापती कुठल्या सैन्याचे? मी ऑफिसात चार-पाच जणांना विचारलं. एक म्हणाला पेशव्यांचे, एक म्हणाला आझाद हिंद फौजेचे. एकालाही बरोबर सांगता आलं नाही, आणि खरं सांगतो, कॉलेजात असेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती माझ्याच तालुक्यात. त्यांचं सैन्य म्हणजे भातशेती करणारे मुळशीचे शेतकरी, त्यांच्या बायका आणि त्यांची पोरं. समोर होतं टाटांचं धरण. साल १९२१.

आधी जरा अमेरिकेत जाऊन येऊ

मुळशीकडे जाण्याआधी एक छोटी चक्कर. पीआर नावाचा धंदा नेमका त्याच काळात जन्माला येत होता.

२० एप्रिल १९१४. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात लडलो नावाचं ठिकाण. कोळसा खाणीतले कामगार संपावर होते. कंपनीच्या घरांतून बाहेर काढल्यामुळे कुटुंबासकट तंबूत राहत होते. त्या दिवशी तिथल्या सशस्त्र तुकड्यांनी तंबूंवर हल्ला केला, तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या २ बायका आणि ११ मुलं गुदमरून मेली. खाण कंपनीची सूत्रं रॉकफेलर कुटुंबाच्या हातात होती. देशभर संताप उसळला. मग रॉकफेलरांनी काय केलं? आयव्ही ली नावाचा माणूस नेमला. पूर्वी पत्रकार असलेला हा ली पीआरच्या पहिल्या व्यावसायिकांपैकी एक मानला जातो. त्याने पत्रकांची मालिका काढून देशभर वाटली. त्यातली काही माहिती चक्क चुकीची होती, हे नंतर उघड झालं.

१९२३ साली एडवर्ड बर्नेझने जनमत कसं घडवायचं यावर पुस्तक लिहिलं. पीआरचा अभ्यास करणारे आजही ते वाचतात. ते छापून येत होतं तेव्हा मुळशीत सत्याग्रह चालूच होता. आपल्याकडे कुणी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक डाव मुळशीत खेळून झाला होता.

धरण कुणासाठी?

आता मुळशी. मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज हवी होती. टाटांचा खोपोलीचा वीजप्रकल्प १९१५ मध्ये सुरू झालेला होता. पुढचा मोठा बेत होता नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचा. ते पाणी सह्याद्रीतून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि तिथे वीज करायची. त्यासाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. पाण्याखाली जाणार होती पन्नासेक गावं. उजाड होणार होती साधारण ११ हजार माणसं. आणि जमीन कसली? आंबेमोहोर पिकवणारी.

कंपनीची माणसं परवानगी न घेता, नोटीसही न देता शेतात चाचणीचे खड्डे खणायला लागली. एका कुळाने विरोध केला, तर गोऱ्या इंजिनिअरने त्याच्या छातीला पिस्तूल लावलं. ही गोष्ट खोऱ्यात वाऱ्यासारखी पसरली.

आता टाटांची बाजूही ऐका, कारण ती कच्ची नव्हती. परदेशी सरकारच्या राज्यात हा देशी उद्योग. कोळशाचा धूर नाही, गिरण्यांना स्वस्त वीज, मुंबईची भरभराट. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीचे शेअर्स देशातल्याच लोकांनी उत्साहाने घेतले होते. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला सर रतन टाटांनी १९०९ मध्ये २५ हजार रुपये दिले होते. म्हणजे 'टाटा म्हणजे देश' ही प्रतिमा तेव्हाच पक्की झालेली होती. अशा माणसाविरुद्ध बोलणार कसं? बोललात की तुम्ही प्रगतीच्या विरोधात, देशाच्या विरोधात. ओळखीचं वाटतंय ना?

कायदाही कंपनीच्या बाजूने होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात 'सार्वजनिक हेतू' असा शब्दप्रयोग होता, आणि कंपनीसाठीही सरकार जमीन घेऊन देऊ शकत होतं. हा 'सार्वजनिक' शब्द डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मावळ्यांचा पीआर

मग शेतकऱ्यांकडे काय होतं? त्यांच्याकडे एक शब्द होता, मावळे. मुळशी खोरं म्हणजे मावळ. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचे वंशज देशोधडीला लागतायत, असं म्हटल्यावर पुण्यात कुणाच्या अंगावर काटा येणार नाही? विनायकराव भुस्कुटे हे तरुण कार्यकर्ते गावोगाव फिरले. बापट आले. बापट स्वतः एडिनबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेले, नंतर वर्तमानपत्रांत काम केलेले. म्हणजे यंत्र कळणारा आणि बातमी कळणारा असा माणूस आंदोलनात होता. घोषणा ठरली: जान किंवा जमीन. तीन शब्द. आजच्या भाषेत सांगायचं तर एकदम परफेक्ट टॅगलाइन.

तारीख निवडली तीही विचार करून. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी साधारण बाराशे माणसं, त्यात बायकाही, धरणाच्या जागेवर जाऊन बसली. काम थांबलं. टिळक जाऊन वर्षही झालेलं नव्हतं. 'केसरी'चे न. चिं. केळकर आंदोलनाच्या पाठीशी होते. गांधीजींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त लिहिलं आणि टाटांना विनंती केली, की या दुबळ्या देशबांधवांच्या इच्छेला मान द्या.

आणि याचा परिणाम झाला! महिनाभराच्या शांत सत्याग्रहानंतर कंपनीने काम काही महिन्यांसाठी थांबवायचं कबूल केलं. ना फोन, ना रेडिओ, एका डोंगराळ खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी देशातल्या सगळ्यात मोठ्या उद्योगघराण्याला थांबवलं. जनमताच्या लढाईत ते जिंकले होते.

मग हरले कुठे?

हा या एपिसोडचा मुख्य भाग आहे, जरा नीट ऐका.

मुळशीतली बरीचशी जमीन कागदावर कसणाऱ्यांची नव्हतीच. ती पुण्यातल्या जमीनदार-सावकारांची होती. काही शेतं त्यांच्या मालकीची, काही गहाण पडलेली. मावळा कूळ म्हणून राबायचा. आता विचार करा, नुकसानभरपाई मिळाली तर ती कुणाला मिळणार? ज्याचं नाव कागदावर आहे त्याला. कुळाला काय? कुळाच्या हातातून जमीन जाणार, आणि पैसे शहरातल्या मालकाच्या खिशात.

सरकार आणि कंपनीने भरपाईचा दर पुढे केला, तेव्हा पुण्यातल्या मालकांचा सूर बदलला. ते कुळांना आणि पुढाऱ्यांना समजवायला लागले की आता तडजोड करा. आंदोलनात उभी फूट पडली. बरं, आंदोलनाची बातमी पुण्यात लिहिली जायची, सभा पुण्यात व्हायच्या, आणि मालकही पुण्याचेच. वाचकालाही वाटलं असेल, चांगली भरपाई मिळतेय ना, मग प्रश्न मिटला की!

इथेच ती सुंदर गोष्ट उलटली. 'शिवरायांचे मावळे' या चित्राने सहानुभूती भरपूर मिळवून दिली. पण त्या चित्रात कूळ आणि सावकार हा फरकच नव्हता. वाचकांना मावळा दिसत होता, त्याच्या डोक्यावरचं कर्ज दिसत नव्हतं. त्यामुळे सावकाराचा प्रश्न सुटला तेव्हा पुण्याला वाटलं मावळ्याचा प्रश्न सुटला.

डिसेंबर १९२१ पासून सत्याग्रह पुन्हा सुरू झाला. धरपकड झाली. बायका-मुलंसुद्धा तुरुंगात गेली. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे, शंकरराव देव अशी माणसं जेलमध्ये गेली. पण मोठ्या नेत्यांचा पाठिंबा आटत गेला. बापट हटले नाहीत. शेवटी शेवटी त्यांचा मार्गही बदलला. बांधकामाची मोडतोड, आणि १९२४ च्या अखेरीस साथीदारांसह रेल्वे अडवून हल्ला. सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह संपला, धरण झालं, भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. मुंबई उजळली. धरणाच्या काठावरच्या वाड्यावस्त्यांना मात्र स्वतःच्या घरात वीज यायला पुढे कित्येक दशकं वाट बघावी लागली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केलाय. धरणाविरुद्धचं जगातलं पहिलं आंदोलन, असं ते याला म्हणतात.

शंभर वर्षं आणि दोन महिने

आता थेट २०२१ मध्ये येऊ. एप्रिलमध्ये सत्याग्रहाला शंभर वर्षं झाली. कोरोनाची दुसरी लाट होती, सगळं शांतच होतं. दोन महिनेही झाले नाहीत तोवर, ७ जून, सोमवार, दुपारी उरवड्यात एका कंपनीला आग लागली. पाणी शुद्ध करायची रसायनं तिथे बनायची. आतल्या माणसांना काढायला जेसीबीने भिंत फोडावी लागली. १७ कामगार गेले. त्यात बहुतेक बायका. मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली.

तेव्हा मी वर्क फ्रॉम होम होतो. माझ्या फोनवर दिवसभर दोन प्रकारचे मेसेज येत होते. एक, व्हिडिओ, धूर, 'हे बघा काय झालं'. आणि दुसरा, आमच्याच ओळखीच्या एका ग्रुपवर: 'कृपया व्हिडिओ पुढे पाठवू नका, गावाचं नाव खराब होतंय.' मला तो दुसरा मेसेज तेव्हा पटला होता. कबूल करतो, मी तो पुढे पाठवलाही. वाटलं, बाहेरच्यांनी आमचं गाव आगीच्या नावाने का ओळखावं?

संध्याकाळी आईने विचारलं, "अरे, कुणाकुणाच्या बायका होत्या रे आत?" मला एकही नाव सांगता आलं नाही. गावाचं नाव खराब होऊ नये म्हणून मी मेसेज पाठवत होतो, आणि गेलेल्यांपैकी एकीचंही नाव मी विचारलेलं नव्हतं. बातम्यांत आकडा होता, राज्य सरकारचे ५ लाख होते, पंतप्रधान मदत निधीचे २ लाख होते. रक्कम जाहीर झाली की बातमी पुढे सरकते. मुळशीत १९२१ ला भरपाईचा दर ठरला तेव्हा झालं होतं तसंच.

आग आणि धरण एक नाही. मला ओढूनताणून काही जुळवायचं नाहीये. पण प्रतिमा सांभाळण्याचं काम दोन्हीकडे सारखंच चाललं, एवढं मला दिसतं. गावाची प्रतिमा, कंपनीची प्रतिमा, आंदोलनाचीसुद्धा. ज्याच्यावर बेतलंय तो त्या चित्रात असतो, पण बोलत नसतो. त्याच्या वतीने दुसरा कुणीतरी बोलतो, आणि त्या दुसऱ्याचं काम झालं की बोलणं थांबतं.

'सार्वजनिक' म्हणजे कोण?

तो शब्द आठवतोय? सार्वजनिक हेतू. १८९४ च्या कायद्यात कुळाला विचारायची गरज नव्हती. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ज्यांच्या नावावर जमीन आहे अशा बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के, आणि सरकारी-खासगी भागीदारीत अशा ७० टक्के कुटुंबांची संमती लागते, असं लिहिलं. त्यातल्या पळवाटांवर स्वतंत्र एपिसोड होईल. पण बाधित कुटुंबांच्या व्याख्येत मालकाबरोबर त्या जमिनीवर पोट असलेली कुळं आणि शेतमजूरही आहेत. १९२१ च्या मावळ्याला एवढं मिळालं असतं तर आंदोलन असं मधोमध फुटलं नसतं, असं मला वाटतं.

तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी गावाचं इन्स्टा पेज चालवाल, सोसायटीचा ग्रुप सांभाळाल, कंपनीत कम्युनिकेशनचं काम कराल. तेव्हा 'आपलं नाव खराब होतंय' असा मेसेज टाइप करण्याआधी एकच गोष्ट करा. ज्याच्यावर बेतलंय त्याला फोन करा. त्याचं नाव विचारा, त्याला काय हवंय ते विचारा. मेसेज त्यानंतर लिहा.

मी तो मेसेज पाठवल्याला आता काही वर्षं झाली. डिलीट फॉर एव्हरीवनची वेळ केव्हाच गेली, म्हणून हा एपिसोड केला.

पुढच्या वेळी एस. बी. रोडला सिग्नलवर अडकलात ना, तर बाजूच्याला विचारा, हे कुठल्या सैन्याचे सेनापती? आणि त्याला माहीत नसेल तर सांगा, मुळशीचे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.