जागल्या

साताऱ्या-सांगलीकडे ज्वारीची कणसं भरली की रात्री शेतावर जागलीला जायचं. संस्कृत ‘जागृ’वरून जागणे, त्यातून जागल, आणि गाव राखणारा तो जागल्या. वायफाय राउटरमधल्या ‘वॉचडॉग’ला यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही. फरक एवढाच, की गावचा जागल्या हाळी देतो. इथं हाळी त्याला द्यावी लागते. ओपनडब्ल्यूआरटी हे फर्मवेअर सहसा दर ५ सेकंदांनी ती देतं. ३० सेकंद हाळी आली नाही, की जागल्या राउटर रिसेट करतो. लोक मग त्यालाच शिव्या घालतात! त्याला बंद करू नका. रिसेटमध्ये रॅममधला लॉग पुसला जातो, म्हणून तो दुसऱ्या संगणकावर पाठवत राहा. मूळ दोष तिथं सापडण्याची शक्यता जास्त.