टोपीवरचा चेहरा आणि मैदानातला माणूस

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा भाचा नोकरीच्या निमित्तानं अमेरिकेत, क्लीव्हलंड शहरात राहतो. सुट्टीवर घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक टोपी होती. टोपीवर लालभडक चेहरा, मोठं नाक, बत्तीशी दाखवणारं हसू आणि डोक्यात खोचलेलं एकुलतं एक पीस. मी विचारलं, "हे काय रे सोंग?"

"मामू, आमच्या गावच्या बेसबॉल टीमचं चिन्ह आहे. टीमचं नाव इंडियन्स."

"म्हणजे आपले?"

"नाही हो मामू. तिथले. रेड इंडियन."

घरात सगळे हसले. मीही हसलो. कोलंबस निघाला होता आपल्याकडे यायला आणि पोचला भलतीकडेच. तिथं भेटलेल्या माणसांना त्यानं आपलं नाव चिकटवून टाकलं, ही गंमत शाळेत आपण सगळेच शिकतो. पण ती टोपी माझ्या डोक्यातून जाईना. बी.ए.ला माझा इतिहास हा विषय होता, त्यामुळे जुन्या गोष्टी उकरायची खोड आहे. उकरता उकरता त्या चेहऱ्यामागे एक खराखुरा माणूस सापडला. त्याचं नाव लुई सॉकॅलेक्सिस.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथं पेनॉबस्कॉट नदी वाहते आणि नदीत एक बेट आहे. पेनॉबस्कॉट याच नावाच्या आदिवासी जमातीची ती राखीव वस्ती. २४ ऑक्टोबर १८७१ रोजी लुईचा जन्म तिथं झाला. तेव्हा बेटावर जायला पूल नव्हता, नावेतून जावं लागे. काठावर ओल्ड टाउन हे लाकडाच्या धंद्याचं गाव.

त्याच्या लहानपणीचा काळ लक्षात घ्या. तो पाच वर्षांचाही नव्हता तेव्हा, १८७६ मध्ये, लिटल बिगहॉर्नच्या लढाईत सू आणि शायेन योद्ध्यांनी जनरल कस्टरच्या तुकडीचा फडशा पाडला. तो एकोणीस वर्षांचा असताना, डिसेंबर १८९० मध्ये, वूंडेड नी इथं अमेरिकी सैन्यानं सू लोकांची कत्तल केली. त्यात बायका होत्या, मुलं होती. हे सगळं मेनपासून दूर, देशाच्या दुसऱ्या भागात घडलं. पण गोऱ्या वाचकाच्या मनात 'इंडियन' म्हटलं की उभा राहायचा तो कुऱ्हाड घेतलेला योद्धा. नदीकाठचा हा शांत मुलगा त्या चित्रात कुठंच बसत नव्हता.

लुई मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी होली क्रॉस या जेझुइट कॉलेजात शिकायला गेला आणि तिथं त्याच्या खेळाचा बोभाटा झाला. तो आउटफिल्डर होता. आपल्या भाषेत सांगायचं तर सीमारेषेजवळ उभा राहणारा क्षेत्ररक्षक. उंच उडालेला चेंडू धावत जाऊन झेलायचा आणि तिथूनच असा फेकायचा की धावणारा गडी पुढचा तळ गाठायच्या आत बाद झाला पाहिजे. या कामाला पाय हवेत, नजर हवी आणि खांदा हवा. लुईकडे तिन्ही होतं. त्याच्या एका फेकीबद्दल दंतकथाच आहे. ती फेक मोजली तेव्हा ४१४ फूट भरली म्हणे, म्हणजे सव्वाशे मीटरच्या वर. क्रिकेटची सीमारेषा खेळपट्टीपासून साधारण सत्तर-पंच्याहत्तर मीटरवर असते, हे ध्यानात घेतलं म्हणजे अंदाज येईल.

बेसबॉलमध्ये फलंदाजानं दहा संधींत तीनदा फटका यशस्वी केला तरी तो उत्तम गणला जातो. लुईचं कॉलेजातलं प्रमाण दोन्ही हंगामांत दहात चारांच्या वर होतं. १८९७ च्या सुरुवातीला तो नोत्र दाम या दुसऱ्या कॉलेजात गेला. तिथं तो टिकला नाही. मार्च महिन्यात दारूच्या एका प्रकरणावरून त्याला काढून टाकण्यात आलं. ही गोष्ट मी लपवत नाही, कारण पुढं ती पुन्हा येणार आहे. पण त्याच महिन्यात क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघानं त्याला करारबद्ध केलं.

त्या संघाचं नाव होतं स्पायडर्स, म्हणजे कोळी. संघ साधासुधा नव्हता. साय यंग हा बेसबॉलच्या इतिहासातला थोर गोलंदाज त्यात होता. जेसी बर्केट होता, ज्यानं १८९५ आणि १८९६ अशा सलग दोन हंगामांत दहात चारांहून अधिक यश मिळवलं होतं. अशा पंक्तीत राखीव वस्तीतला हा पंचवीस वर्षांचा तरुण २२ एप्रिल १८९७ रोजी पहिला सामना खेळला.

तेव्हाची स्थिती अशी होती की काळ्या खेळाडूंना या मोठ्या संघांची दारं बंद झाली होती. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर खेळून गेला, त्यानंतर वर्णभेदाची जी भिंत उभी राहिली ती १९४७ पर्यंत हलली नाही. लुईला मात्र आत घेतलं. आदिवासी म्हणून सर्वांना ठाऊक असलेला, मोठ्या मैदानावर उतरलेला पहिला खेळाडू असं त्याच्याबद्दल बहुतेक जण सांगतात. दार उघडलं खरं, पण आत येणाऱ्याचं स्वागत कसं झालं?

तो मैदानात आला की प्रेक्षक तोंडावर हात मारून आरोळ्या ठोकायचे. नाटकात आदिवासी योद्धे ओरडतात असं दाखवतात ना, तशा. वर्तमानपत्रं त्याच्यावर व्यंगचित्रं काढायची, कुऱ्हाडी नि कवट्यांचे विनोद करायची. गंमत अशी की याच पत्रकारांनी त्याच्यापायी संघालाच 'इंडियन्स' म्हणायला सुरुवात केली. गर्दी त्याला बघायला येत होती आणि त्याच्यामुळे तिकिटं खपत होती. तो मात्र काही उलट बोलायचा नाही, खेळत राहायचा.

१६ जून १८९७. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स मैदान. समोर गोलंदाज एमॉस रूसी. त्या काळी याच्या चेंडूचा वेग असा की गोलंदाज आणि फलंदाज यांच्यातलं अंतर १८९३ मध्ये वाढवून साठ फूट सहा इंच केलं, ते रूसीसारख्यांच्या धाकानं, असं सांगतात. आरोळ्यांनी मैदान दणाणत होतं. रूसीनं वळणारा चेंडू टाकला आणि लुईनं तो उजव्या बाजूला असा भिरकावला की सगळे तळ फिरून तो घरी परतला. होम रन. पहिल्याच संधीला. आरोळ्या ठोकणारी तोंडं उघडीच राहिली असतील.

हा प्रसंग वाचताना मी क्षणभर पुस्तक मिटलं. मी मराठीत कविता लिहितो. माझी आई मराठी बोलत मोठी झाली, मीही. तरी कविसंमेलनात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक माझ्या नावाआधी एक विशेषण लावतो आणि कविता संपली की कुणीतरी प्रेमानं पाठीवर हात ठेवून म्हणतं, "काय सुंदर मराठी आहे हो तुमचं!" त्या माणसाच्या मनात वाईट काही नसतं. पण त्यानं कविता ऐकली की विशेषण ऐकलं, हे मला कळत नाही. माझ्या वाट्याला कौतुक आलं, लुईच्या वाट्याला टिंगल. दोन्हींची बरोबरी मी करणार नाही. पण नावाआधी लावलेलं विशेषण माणसासमोर पडद्यासारखं उभं राहतं, एवढं मला ठाऊक आहे.

पुढची कहाणी झटपट उतरणीची आहे. जुलैच्या सुरुवातीला एका रात्री दारूच्या बैठकीत त्याचा पाय जबर दुखावला. खिडकीतून उडी मारली, असं म्हणतात. ज्या पायावर सगळा खेळ उभा होता तोच गेला. दारू सुटेना, झेल सुटू लागले, दंड झाला. त्या हंगामात ६६ सामने खेळून त्याचं यश हजारात ३३८ असं राहिलं, आणि ते कुणालाही भूषण वाटावं असं होतं. १८९८ मध्ये तो जेमतेम २१ सामने खेळला. १८९९ मध्ये मालकांनी सेंट लुईचा संघही विकत घेतला आणि साय यंग, बर्केट अशा चांगल्या खेळाडूंना तिकडं नेलं. क्लीव्हलंडला गाळ उरला. त्या वर्षी स्पायडर्सनी १५४ पैकी १३४ सामने गमावले. लुई त्या गाळातच होता. सात सामन्यांनंतर, मे महिन्यात, त्यालाही नारळ दिला. एकूण सामने ९४.

त्याचं काय चुकलं? दारू चुकली, हे उघड आहे, आणि तिचा दोष मी प्रेक्षकांवर ढकलत नाही. व्यसनात त्या काळी गोरे खेळाडूही बुडत होते. फरक एवढाच की गोरा खेळाडू दारूनं संपला तर तो एक माणूस संपला असं लिहिलं जाई. लुई संपला तेव्हा 'हे लोक असेच' असं लिहिलं गेलं. पराक्रम केला तेव्हा तो अपवाद, आणि घसरला की सगळ्या जमातीचा नमुना.

काही वर्षं छोट्या गावांच्या संघांतून खेळून तो आपल्या बेटावर परतला. नाव चालवून माणसांची ने-आण करू लागला, पोरांना खेळ शिकवू लागला, हिवाळ्यात जंगलात लाकूडतोडीला जाऊ लागला. २४ डिसेंबर १९१३ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, मेनच्या जंगलात लाकूडतोडीवर असतानाच तो हृदयविकारानं गेला. वय ४२. त्याच्या सदऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं सापडली, असं सांगतात. अमेरिकेतल्या सगळ्या आदिवासींना नागरिकत्व देणारा कायदा झाला १९२४ मध्ये. आणि मेन राज्याच्या निवडणुकीत राखीव वस्तीतल्या माणसांना मत देता आलं ते १९६७ नंतर.

माणूस गेला आणि विशेषण कामाला लागलं. जानेवारी १९१५ मध्ये क्लीव्हलंडच्या नव्या क्लबला नाव हवं होतं. आदल्याच वर्षी बोस्टनच्या 'ब्रेव्ह्ज'नी, म्हणजे आदिवासी योद्ध्यांचं नाव लावणाऱ्या संघानं, जगज्जेतेपद पटकावलं होतं, त्यामुळे अशा नावांना भाव आला होता. मालकानं क्रीडापत्रकारांना विचारून 'इंडियन्स' हे नाव पक्कं केलं. पुढं क्लब सांगू लागला की हे नाव लुईच्या सन्मानार्थ, चाहत्यांच्या मतानं ठेवलं. संशोधकांनी तेव्हाची वर्तमानपत्रं चाळली, तर मतदान वगैरे काही आढळलं नाही. सन्मानापेक्षा जुन्या थट्टेचीच आठवण जास्त होती.

१९४७ साल तर मोठं विलक्षण. त्या वर्षी जॅकी रॉबिन्सननं वर्णभेदाची भिंत पाडली आणि तीनच महिन्यांत लॅरी डोबी हा काळा खेळाडू याच क्लीव्हलंडकडून खेळला. आणि त्याच वर्षी क्लबनं तो बत्तीशी दाखवणारा चेहरा पहिल्यांदा चिन्ह म्हणून आणला. एका हातानं दार उघडलं, दुसऱ्या हातानं भिंतीवर ते चित्र टांगलं.

हे चित्र बंद करा, असं लुईच्या पेनॉबस्कॉट जमातीनं २००० मध्ये एकमतानं क्लबला कळवलं. ज्याचा सन्मान म्हणून नाव ठेवलं असं सांगता, त्याचेच लोक नको म्हणत होते. तरी गणवेशावरून तो चेहरा उतरायला २०१८ चा हंगाम संपावा लागला. २०२२ च्या हंगामापासून संघाचं नावही बदललं. आता तो गार्डियन्स आहे, शहरातल्या एका पुलावर उभ्या असलेल्या दगडी रक्षकांवरून.

बरं झालं, असं मला वाटतं. पण मनात एक शंकाही आली. नाव पुसलं, चित्र पुसलं, त्याबरोबर माणूसही पुसला जाईल का? भाच्याचा मुलगा तिथं शाळेत बेसबॉल खेळतो. परवा फोनवर मी त्याला विचारलं, "लुई सॉकॅलेक्सिस माहीत आहे का रे?" त्याला माहीत नव्हतं. मग मी त्याला बेट, होली क्रॉस, पोलो ग्राउंड्स, रूसीचा तो चेंडू, सगळं सांगितलं. आदिवासी होता हेही सांगितलं, कारण ते खरंच आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पोरगं शांतपणे ऐकत होतं. शेवटी त्यानं एकच प्रश्न विचारला, "तो डावरा होता का?"

मला फार बरं वाटलं. सव्वाशे वर्षांनी कुणीतरी लुईबद्दल खेळाडूला विचारावा तसा प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, "बॅट डावखुरी, फेक उजव्या हाताची."

"वा," तो म्हणाला, "माझंही तसंच आहे."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)